हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

अमेरिकेत सरकारने एखाद्या कंपनीला कोर्टात खेचलं आणि प्रकरण तडजोडीने मिटलं, तर कंपनी मोजते तो पैसा जायचा कुठे? 1849 चा कायदा सांगतो, सरकारसाठी आलेला पैसा परस्पर न खर्चता तिजोरीत भरा. आणि राज्यघटना सांगते, काँग्रेसच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून काही काढायचं नाही. खर्च कशावर करायचा, हे लोकांनी निवडलेल्यांनी ठरवायचं; वकिलांनी नव्हे.

पण पैसा सरकारच्या हाती आलाच नाही तर? कंपनीनेच तो एखाद्या संस्थेला द्यायचा, नाव मात्र सरकारी वकिलांना मान्य असलेलं. 1980 मध्ये न्याय खात्याच्याच विधी सल्लागारांनी तेलगळतीच्या एका प्रकरणात ही मेख ओळखली होती. जो पैसा सरकार घेऊ शकलं असतं आणि ज्याचं काय करायचं हेही तेच ठरवतं, तो घेतल्यातच जमा! मग करारच असे लिहिले जाऊ लागले की सही झाल्यावर त्या पैशावर सरकारचा ताबा उरू नये.

2005 मध्ये न्यू जर्सीत ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीने खटला टाळण्यासाठी करार केला. त्यात सीटन हॉल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात व्यवसायनीतीचं अध्यासन उभारायची अट होती. करार करणारे सरकारी वकील ख्रिस क्रिस्टी त्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. नीतीचंच अध्यासन, हे विशेष! 2008 मध्ये न्याय खात्याने फौजदारी करारांतल्या अशा देणग्यांना आवर घातला. दिवाणी करार मात्र मोकळेच राहिले.

2014 मध्ये बँक ऑफ अमेरिकाशी 16.65 अब्ज डॉलरची दिवाणी तडजोड झाली. घरकर्जाचा सल्ला आणि कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांना बँकेने देणग्या द्यायच्या होत्या, आणि अशा देणगीच्या एका डॉलरला हिशेबात दोन डॉलरचं श्रेय होतं. रिपब्लिकन खवळले. 2017 मध्ये तेव्हाचे न्यायमंत्री सेशन्स यांनी अशा देणग्यांवर बंदी घातली, 2022 मध्ये त्याच पदावरच्या गारलँड यांनी ती उठवली, फेब्रुवारी 2025 मध्ये त्या पदावर आलेल्या बाँडी यांनी पुन्हा आणली.

बंदीला विरोध करणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. कारखान्याच्या धुराने वस्ती खोकत असेल आणि दंड वॉशिंग्टनच्या तिजोरीत गडप होत असेल, तर वस्तीला काय मिळालं? त्याऐवजी कंपनीकडून शाळेच्या जुन्या डिझेल बस बदलून घेतल्या तर कुणाचं बिघडतं? मला हे पटतं. पण मग काँग्रेसने तशी तरतूद करावी. चांगल्या कामासाठी उघडलेली वाट उद्या दुसऱ्याच्याही उपयोगी पडते.

तशी ती पडलीही. बाँडी यांच्या आदेशानंतर सहा महिन्यांच्या आत, जुलै 2025 मध्ये, त्याच प्रशासनाशी झालेल्या करारात ब्राऊन विद्यापीठाने ऱ्होड आयलंडमधल्या रोजगार-प्रशिक्षण संस्थांना दहा वर्षांत 5 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आदेश न्याय खात्यापुरता होता, हे खरं. तत्त्व मात्र साऱ्या सरकारचं असायला हवं होतं. एका मंत्र्याचा आदेश दुसरा मंत्री फिरवणारच, म्हणून इथे कायदाच हवा. तसं विधेयक प्रतिनिधिगृहाने 2016 आणि 2017 अशा दोन्ही वर्षी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडकलं.