भाडे येते कुठून?

भाड्याने देण्यासाठी घर घ्यावे का, या प्रश्नावर गुंतवणूक सल्लागारांकडे एक ठरलेला भागाकार असतो. वर्षाचे भाडे वर, घराची किंमत खाली. मोठ्या शहरांत उत्तर दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे मुदत ठेवीच्या व्याजापेक्षाही कमी. तरी लोक घरे घेत राहतात, कारण त्यांचा डोळा भाड्यावर नसतो, जागेच्या चढत्या भावावर असतो. ‘प्लॉट घेऊन ठेवा, वर चार खोल्या काढा’ हा सल्ला नंदुरबारच्या नोकरदार आणि बागायतदार घरांतही चालतो. पण या जिल्ह्यात भागाकाराआधी दुसराच प्रश्न विचारायला हवा. हे भाडे मुळात येते कुठून?

नंदुरबारची ओळख मिरचीची. पथाऱ्यांवर वाळणाऱ्या लाल मिरचीचे फोटो दर हंगामात छापून येतात. पण शहरातल्या भाड्याच्या खोल्या मिरचीवर चालत नाहीत. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस मुख्यालय अशी एकामागून एक कार्यालये आली. त्यांच्यासोबत बाहेरगावचे कर्मचारी आले. अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. या सगळ्यांना छप्पर हवे होते आणि शासनाने पुरेशी निवासस्थाने बांधली नाहीत. जी दरी राहिली ती खासगी घरमालकाने भरली. त्याच्या हातात पडणारे भाडे म्हणजे पगारातला घरभाडे भत्ता. सातव्या वेतन आयोगात लहान शहरांसाठी तो मूळ पगाराच्या 8 टक्क्यांपासून सुरू झाला. म्हणजे घरमालकाचे गिऱ्हाईक दिसायला गुरुजी, तलाठी किंवा परिचारिका असते, खरे गिऱ्हाईक सरकारी तिजोरी असते.

ही तिजोरी पैसे कुठे ठेवते, हे आणखी मजेशीर आहे. सातपुड्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या शाळेत नेमणूक असलेल्या शिक्षकाने मुख्यालयी राहावे असा नियम आहे, आणि तो तिथे राहतो याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव मागण्यापर्यंत शासन गेले आहे. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला, त्यांचेही म्हणणे अगदीच पोकळ नाही. पाड्यावर राहायला खोली कुठे आहे? त्यामुळे अनेकांचे बिऱ्हाड शहाद्यात, तळोद्यात किंवा नंदुरबारला असते आणि मोटरसायकल रोज घाट चढते. डोंगरातल्या नेमणुकीपोटी निघालेला पैसा सपाटीवरच्या घरमालकाच्या खात्यात जिरतो. याला कोणी घोटाळा म्हणणार नाही. पण घरभाड्याचे उत्पन्न ही मालकाच्या दूरदृष्टीची कमाई आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा ओघ एकदा डोळ्यांखालून घालावा.

आता या मालकाची भीती पाहा. भाडेकरू घर बळकावेल, ही ती भीती. ती इथली नाही, मुंबईहून आलेली आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकली. गिरगावातल्या चाळींचे मालक नाममात्र भाड्यावर बसून राहिले, इमारती खचत गेल्या. त्या आठवणीने राज्यभरच्या मालकांना ‘अकरा महिन्यांचा करार’ शिकवला. एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून बारावा महिना येऊच द्यायचा नाही. गंमत अशी, की 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही पळवाट केव्हाच बुजवली. त्याच्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि करार नोंदलेला नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. म्हणजे स्टॅम्पपेपरवर सही घेऊन कपाटात ठेवलेला कागद मालकाचे रक्षण करत नाही, उलट त्यालाच गोत्यात आणू शकतो. खर्च म्हणावा तर दरमहा 5000 रुपये भाड्याच्या अकरा महिन्यांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दीडशेच्या आत, आणि शहरी भागात 1000 रुपये नोंदणी फी. एवढ्यासाठी लोक कायदा टाळतात! खरे कारण वेगळे असावे. कागद झाला की भाड्याचे उत्पन्नही कागदावर येते.

नंदुरबारच्या मालकाला ताबा जाण्याची भीती बाळगायचे कारणच फार थोडे आहे. त्याच्या भाडेकरूची बदली होते. त्याचा खरा धोका खोली रिकामी राहण्याचा. पण या धोक्यालाही तो फारसा घाबरत नाही, कारण खोल्या त्याने प्लॉटच्या भावासाठी बांधलेल्या असतात. दोन महिने कुलूप राहिले तरी चूल पेटते. भाडे या व्यवहारात कोण वरचढ ठरतो, हे इथे कळते: ज्याला थांबणे परवडते तो.

ज्याला थांबणे परवडत नाही असा भाडेकरू म्हणजे डोंगरातून शिकायला आलेला मुलगा किंवा मुलगी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 2016 साली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आली; राहण्या-खाण्याचे पैसे थेट खात्यात. योजना सुरू झाली तेव्हा नंदुरबारसारख्या, महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला एकूण 43,000 रुपये होते, त्यात निवासाचे 12,000. महिन्याला हजार. या हजारात अनामत आली, विजेचे बिल आले, आणि हप्ता उशिरा पडला तर मालकाची बोलणीही आली. कॉलेज सुरू होण्याची तारीख मात्र थांबत नाही. शिवाय घर पाहायला गेल्यावर नाव विचारले जाते. पाडवी, वळवी, वसावे असे उत्तर आले की पुढे ‘मांस-मच्छी चालणार नाही’ किंवा ‘आम्ही फॅमिलीलाच देतो’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. आदिवासी नेते माणिकराव गावित इथून नऊ वेळा लोकसभेवर गेले. मत द्यायला जे आडनाव चालते, ते वरच्या मजल्यावरच्या खोलीला चालत नाही. बाजार आपोआप न्याय करतो म्हणणाऱ्यांनी निदान एवढे सांगावे, की तिजोरीतून भाडे मिळण्याची हमी असलेले गिऱ्हाईक बाजार का नाकारतो?

मग आदिवासींनीच भाड्याची घरे का बांधू नयेत? काही जण बांधतात. पण बांधायला कर्ज लागते, आणि आदिवासीची जमीन जप्त झाली तरी वाटेल त्याला विकता येत नाही म्हणून बँका का-कू करतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 36-अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही वाटेने जायला मज्जाव करते. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला वा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, बाकी सगळ्याला त्यावर शासनाचीही मान्यता. गुंतवणूकदारांना हा कायदा विकासाच्या आड येणारा वाटतो. धडगावात खोल्या मिळत नाहीत त्याचे एक कारण तो आहे, हे मलाही मान्य आहे. तरी तो सैल करावा असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण भाड्याच्याच इतिहासात आहे.

1 एप्रिल 1957, कृषक दिन. कसेल त्याची जमीन या तत्त्वाने कूळ मालक झाले. पुरोगामी महाराष्ट्राला या दिवसाचा अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. पण पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार भागात, अनेक ठिकाणी नाते उलटे होते. मालक भिल्ल किंवा पावरा, आणि नडीपायी त्याची जमीन खंडाने धरणारा कूळ सधन, बिगर-आदिवासी शेतकरी. कायद्याने मालकाला जमीनदार मानले आणि कुळाला गरीब. काही आदिवासी कायदेशीरपणे भूमिहीन झाले आणि कधी आपल्याच जुन्या शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे मजूर, म्हणून राबले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटना शहादा-तळोद्यात उभे राहिले ते या जमिनींसाठी आणि सालदारांच्या मजुरीसाठी. नंतर आलेल्या जमिनी परत देण्याच्या कायद्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातली हस्तांतरे तपासायचे ठरवले आणि त्यात कूळ कायद्याने गेलेल्या जमिनीही धरल्या. मात्र 6 जुलै 1974 पूर्वी जिचा बिगरशेती वापर सुरू झाला, ती जमीन त्यातून वगळली गेली. ज्याने लवकर इमारत उठवली, तो सुटला.

सप्टेंबर 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासी शेतकऱ्यांना जमीन थेट खासगी व्यक्तींना वा कंपन्यांना भाडेपट्ट्याने देता येईल असा कायदा आणण्याचे जाहीर केले आणि एकरी वर्षाला किमान 50 हजार रुपयांचा आकडा सांगितला. पावसाच्या भरवशावरच्या खडकाळ शेतीसाठी हा आकडा छोटा नाही. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबाला तो मोहात पाडेल आणि त्यात त्याची चूक नाही. घरमालकाला भाडे घ्यायचा हक्क आहे तर आदिवासी मालकाला का नसावा, हा युक्तिवादही वरवर बिनतोड आहे.

पण इथे थांबू शकणारा पक्ष मालक नसेल, भाडेकरू असेल. कंपनी दोन हंगाम वाट पाहील. मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचे बिल वाट पाहत नाही. म्हणून किमान दरापेक्षा मला बाकीच्या अटींची काळजी जास्त वाटते. पट्टा पाच वर्षांच्या पलीकडे आपोआप वाढू नये. वर्षाचे भाडे आगाऊ जमा व्हावे. जमिनीवर भाडेकरूने केलेला बिगरशेती वापर आणि बांधकाम यांवरून त्याला कोणताही हक्क मिळू नये, कारण 1974 ची पळवाट तिथूनच होती. परवानगी देण्याआधी ग्रामसभेचा ठराव लागावा. शिक्षक कुठे झोपतो हे ठरवायला ग्रामसभा चालते, तर गावाची जमीन कोण कसणार हे ठरवायलाही चालली पाहिजे. आणि ठरलेल्या तारखेला भाडे आले नाही तर जमीन परत घ्यायला आदिवासी मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये. तलाठ्याने पंचनामा करावा आणि ताबा द्यावा.