मी आहे ना



दिवाळी सरली की बीडकडची कितीतरी गावं ओस पडतात. माणसं ऊसतोडीला निघतात. साखर कारखान्याजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात.

आपण आत्ता चहा घेत असाल. तिथली बाई मात्र भाकरी थापून, पाणी भरून फडात पोचलीसुद्धा. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. एक खाडा झाला, तरी मुकादम पैसे कापतो.

मग तान्ह्या बाळाचं काय? शेजारच्या कोपीतली म्हातारी म्हणते, "जा तू. मी आहे ना." एखादी तापानं फणफणली, तर दुसरी तिच्याही चुलीपुढे बसते. "पड तू. मी आहे ना."

आपण म्हणतो, सवड मिळाली की बघू. या बायकांना सवड कधीच नसते. तरीही त्या एकमेकींना धरून राहतात. हात रिकामा नसला, तरी देता येतो.

मात्र त्यांनी एकमेकींना सावरलं, म्हणून आपण सुटत नाही. पोटासाठी परगावाहून आलेली एखादी बाई आपल्याही आसपास राबत असेल. आज तिची विचारपूस करा. तिनं अडचण सांगितली, तर "बघू" म्हणू नका. लगेच उठा.