उंची असताना

माझा भाचा अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो आणि घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधतो. मंदिरात बायकांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या हसल्या. पण ते खरं आहे. अर्ध्याहून जास्त काम हौसेनं किंवा शिकण्यासाठी स्वतः केलेलं असेल, तर तपासणीनंतर असं विमान उडवायला तिथला कायदा परवानगी देतो. विमानात ‘एक्सपेरिमेंटल’ अशी पाटी लावावी लागते, आणि बांधणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाही, त्याचं स्वतःचं नाव कोरलेलं असतं.

मागच्या डिसेंबरात तो बेळगावला आला होता. धाकटी बहीण, म्हणजे त्याची आई, मला म्हणाली, “अक्का, तू तरी सांग त्याला. माझं ऐकत नाही.” सांगायला म्हणून मी त्याच्याबरोबर गेले, तर तो मला उद्यमबागेत एका लेथवाल्याकडे घेऊन गेला. त्याला बोटाएवढ्या जाडीची एक ॲल्युमिनियमची कांडी करून हवी होती. टोक गोलसर, त्याला दोन बारीक भोकं, एक समोर आणि एक खालच्या बाजूला तिरकं. मिस्त्रींनी विचारलं, “हे कशाचं हो? फवारणीचं नोजल काय?” भाचा म्हणाला, “विमानाचं.” मिस्त्रींनी कागद पुन्हा हातात घेतला. “मग थांबा. परत एकदा मोजतो.”

त्याला थांबवण्यासाठी तयार करून नेलेली माझी वाक्यं तिथंच अडखळली.

घरी येताना त्यानं मला ती कांडी समजावून सांगितली. एस.टी.च्या खिडकीतून आपण सगळ्यांनीच लहानपणी हात बाहेर काढला आहे. तळवा थोडा तिरका केला की हात वर उचलला जातो. फार तिरका केला की उचल संपते, नुसता मागे ढकलला जातो. विमानाचा पंख असाच. समोरून येणारा वारा आणि पंख यांच्यात साधारण पंधरा-सोळा अंशांपर्यंत कोन असेल तोवर वारा पंखाला धरून वाहतो. त्यापुढे तो पंखाला सोडतो आणि विमान खाली बसतं. त्याला स्टॉल म्हणतात. इंजिन तेव्हाही चालूच असतं.

“मग वेगाचा काटा असतो ना?” मी विचारलं. वेग ठरावीक आकड्याखाली गेला की विमान पडतं, एवढं मला कुठूनतरी माहीत होतं. तो म्हणाला, “मावशी, तो आकडा सरळ उडतानाचा. साठ अंश कलून, उंची राखून वळलीस, तर पंखावर दुप्पट भार येतो, आणि तेच विमान तो आकडा ४१ टक्क्यांनी ओलांडायच्या आतच स्टॉल होतं. काटा म्हणतो सगळं ठीक आहे. कोन म्हणतो संपलं.” उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर छोट्या विमानांचे कित्येक अपघात असेच होतात, कारण तिथं सावरायला उंची नसते.

कांडीच्या दोन भोकांवरचा हवेचा दाब कोनाप्रमाणे वेगवेगळा बदलतो. त्यांतला फरक समोरच्या वाऱ्याच्या दाबाशी ताडून पाहिला की वेग काहीही असो, कोन कळतो. मग समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा.

मला यात एक ओळखीची गोष्ट दिसली. हा कोन एकट्या पंखाचा नाही, एकट्या वाऱ्याचा नाही आणि जमिनीशी तर त्याचा संबंधच नाही. विमानाचं नाक खाली असतानाही स्टॉल होऊ शकतो. कोन आहे तो एकाच्या अपेक्षेनं दुसऱ्याचा. ‘अपेक्षेनं’ हा शब्द आम्ही पाठशाळेत अनेकांतवाद शिकताना घोकला होता. पुढं तो कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

पण माझी शंका वेगळी होती. घरी केलेलं यंत्र चुकलं तर?

माझ्या सासूबाई पाणी गाळण्याआधी गाळणं रोज उजेडाकडे धरून बघायच्या. दुहेरी घडीचं जाड कापड, तरी बघायच्या. त्या म्हणत, “गाळणंच नसेल तर पाणी अगाळ आहे हे कळतं तरी. भोक पडलेलं गाळणं असेल तर आपण निर्धास्त पितो.” न कळण्यापेक्षा चुकीचं कळणं वाईट, हे मी कोणत्याही ग्रंथाआधी त्यांच्याकडून शिकले.

आणि ही नुसती स्वयंपाकघरातली गोष्ट नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं पडली, ३४६ माणसं गेली. त्या विमानांवर कोन मोजणारे दोन संवेदक होते, पण नाक खाली दाबणारी संगणक-प्रणाली एका वेळी एकाचंच ऐकायची. इंडोनेशियातल्या विमानावरचा तो संवेदक सुमारे २१ अंशांनी चुकत होता. वैमानिक नाक वर खेचत होते, यंत्र पुन्हा पुन्हा खाली दाबत होतं. शेजारचा दुसरा साक्षीदार खरं सांगत होता, पण त्याला विचारायची व्यवस्थाच ठेवली नव्हती. एकांत म्हणतात तो हाच. एक बाजू खोटी असते म्हणून नव्हे, तर तीच एक बाजू पूर्ण मानली जाते म्हणून माणसं मरतात. मोठ्या कंपनीचा शिक्का असूनही हे झालं. म्हणजे घरचं की कारखान्यातलं, हा खरा प्रश्नच नव्हे. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याच्या आधी प्रमाद ठेवला आहे. प्रश्न प्रमादाचा आहे.

जूनमध्ये भाच्याचं विमान उडालं. पहिले ४० तास सोबत कुणाला बसवायचं नाही, वस्तीपासून दूर उडायचं, असा नियम त्याला लागू आहे. त्यानं फोनवर सांगितलं, की तो पाच हजार फुटांवर गेला आणि तिथं मुद्दाम, हळूहळू, विमान स्टॉल केलं. एकदा सरळ, एकदा वळणात, एकदा फ्लॅप सोडून. प्रत्येक वेळी दिवा कधी लाल झाला ते वहीत लिहिलं. फ्लॅप सोडल्यावर दिवा उशिरा लागतो असं दिसलं, तेव्हा त्यानं लाल खूण अलीकडे आणली. विमान उभं असताना भोकांवर लाल फीत लावलेली पिशवी घालतो, कारण कुंभारीण माश्या असल्या भोकांत मातीचं घर करतात. मी म्हटलं, “बरं करतोस. ती पण वाचते, तू पण.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून राहिले. पडायचं कुठं, हे त्यानं पडायला जागा असताना शोधलं होतं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या त्या वर्षी मुलीची बारावी होती, घरी पाहुणे होते, रात्रीची झोप नव्हती. एका सकाळी त्यांनी विचारलं, “पाणी गाळलंस का गं?” पंचवीस वर्षं त्या रोज विचारायच्या आणि मी रोज “हो आई” म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, “तुम्हीच उठून बघा.” त्यांना उठता येत नव्हतं. माझा आवाज चढला नव्हता. वेगाच्या काट्यावर काही दिसलंच नसतं. पण मी वळणात होते, भार दुप्पट होता, आणि हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा कधी पाणी विचारलं नाही. आषाढात त्या गेल्या. भाद्रपदातली क्षमावणी आमच्या दोघींच्या वाट्याला आली नाही.

मी शांत स्वभावाची आहे, असं मी तोवर स्वतःबद्दल समजत होते. तो सरळ उडतानाचा आकडा होता. प्रतिक्रमण मी तेव्हाही करायचे, पण पाठ म्हणून. झालेल्या चुकीची क्षमा मागायचे, आज किती भार होता आणि लाल दिव्याच्या किती जवळ गेले, हे बघत नव्हते. साध्या दिवसांत हे बघायचं असतं, कारण साध्या दिवसांतच खाली पाच हजार फूट असतात.

भाच्यानं परवा विचारलं, “मावशी, आलीस तर बसशील?” मी म्हटलं, “तुझे ४० तास होऊ देत. आणि पिशवी काढलीस का, हे मी स्वतः बघणार.”

मग बहिणीला फोन केला. सांगितलं, मी त्याला थांबवलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, “त्यानं ते परत मोजलंय ना गं?”

“मोजलंय,” मी म्हटलं. “वहीत लिहिलंय.”