दान, पात्रता आणि जुनी जावा

वापरातून गेलेली वस्तू दुसऱ्यास देणे हे दान ठरते की अडगळीची विल्हेवाट, हा प्रश्न भारतीय परंपरेत फार जुना आहे. कठोपनिषदाच्या आरंभी नचिकेत्याचा पिता यज्ञात ज्या गाई दक्षिणा म्हणून देतो, त्या दूध आटलेल्या आणि विण्याची शक्ती सरलेल्या असतात, आणि पुत्राच्या मनातील शंका नेमकी हे पाहूनच जागी होते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेल्या आणि १९९६ मध्ये तो बंद पडल्यानंतरही पडवीत वा जिन्याखाली गंजत राहिलेल्या जावा-येझदी मोटारसायकलींसाठी जेव्हा ‘चांगले घर’ शोधले जाते, तेव्हा नचिकेत्याची शंका पुन्हा उभी राहते, मात्र एका फरकाने. भाकड गाय पुन्हा दुभती होत नाही. अडकून बसलेले दोन-स्ट्रोक इंजिन मात्र जाणत्या हातात पुन्हा सुरू होऊ शकते.

या फरकामुळे पात्रतेचा विचार बदलतो. धर्मशास्त्रात दाता, प्रतिग्रहीता म्हणजे दान घेणारा, श्रद्धा, देय वस्तू, देश आणि काळ अशी दानाची सहा अंगे सांगितली आहेत, आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा एक संपूर्ण खंड दानाला वाहिला आहे. तेथे पात्र ठरते ते प्रामुख्याने विद्येने आणि आचरणाने. दुरुस्ती मागणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मात्र हत्यारे, जागा, सवड आणि सुटे भाग धुंडाळण्याची चिकाटी हीच विद्या होय. केवळ गरजू म्हणून एखाद्या तरुणाला अशी गाडी दिली, तर त्याच्या गळ्यात खर्चाचे लोढणे बांधल्यासारखे होते, आणि दात्याला मात्र दानाचे समाधान फुकट मिळते.

दान पूर्ण केव्हा होते, याविषयीची चर्चा अधिक सूक्ष्म आहे. मीमांसकांच्या मते दान म्हणजे स्वत्वनिवृत्ती आणि परस्वत्वाची उत्पत्ती, म्हणजेच वस्तूवरील आपली मालकी संपणे आणि ती दुसऱ्याची होणे. ही उत्पत्ती दात्याच्या त्यागानेच होते असे जीमूतवाहन मानतो, तर मिताक्षराकार विज्ञानेश्वर घेणाऱ्याच्या मानसिक, वाचिक आणि कायिक स्वीकारावर भर देतो. कायिक स्वीकारासाठी गाईचे शेपूट, हत्तीची सोंड आणि घोड्याची आयाळ धरण्याचा विधी आहे; मोटारसायकलीचे अंग अर्थातच सांगितलेले नाही, पण किल्ली हाती घेण्याने ते काम भागावे. आजचा कायदा या वादात विज्ञानेश्वराहूनही कडक आहे, कारण नोंदणीपुस्तकात नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

कागदावरचे स्वत्व संपले तरी मनातले संपतेच असे नाही. रंग बदलू नये, गाडी विकू नये, सुटे भाग करू नयेत, अशा अटी दाता घालतो तेव्हा तो वस्तू देऊनही आपल्याकडेच ठेवत असतो. ज्या गाडीविषयी हा आग्रह असतो तीच गाडी दुरुस्तीनंतर शिल्लक राहते काय, हाही प्रश्नच आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयव बदलले की जुना अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली एकसंध वस्तू, नष्ट होऊन नवा निर्माण होतो. बौद्ध तर असा अवयवीच मानत नाहीत, आणि ‘मिलिंदपञ्ह’मधील नागसेन रथाच्या दृष्टांताने हेच मिलिंद राजाला पटवून देतो. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये झालेले नियम सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा असे म्हणतात, म्हणजे व्यवहाराने निवडक अवयवांना संपूर्ण गाडीचे प्रतिनिधी मानले आहे. ही सोय आहे, सिद्धांत नव्हे.

म्हणून सगळी चौकशी दानाच्या आधी करावी, हेच शास्त्राला धरून होईल. घेणाऱ्याने यापूर्वी काय दुरुस्त केले आणि अर्धवट काय सोडले, हे विचारण्यात संकोच नसावा. किल्ली दिल्यानंतर मात्र विचारणा हक्काची राहत नाही. नारदस्मृतीत भय, क्रोध, शोक, परिहास अशा कारणांनी दिलेले ‘अदत्त’, म्हणजे दिलेच नाही असे, मानले आहे, आणि अपात्राने पात्र म्हणवून घेतलेले दानही त्याच यादीत येते. त्यामुळे भंगारात काढण्याच्या हेतूने गाडी नेणाऱ्याने दुरुस्तीचे आश्वासन दिले असेल, तर दात्याला ती परत मागता येईल. प्रामाणिकपणे हाती घेऊन जो पुढे थकला, पैशाअभावी थांबला, किंवा दुसरी जावा उभी करण्यासाठी हिचा कार्ब्युरेटर काढून बसला, त्याच्याकडून मात्र नाही.