पाळकांचा वेळ कुणाच्या हातात?

आजचा शास्त्रभाग : निर्गम १८:१३-२६



मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसायचा आणि लोक ताटकळत उभे. सासरे इथ्रो यांनी ते पाहिलं. ही रीत बरी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अशाने मोशेही थकेल आणि लोकही. लक्षात घ्या, त्यांनी मोशेला आणखी लवकर उठायला सांगितलं नाही. हजार, शंभर, पन्नास, दहा जणांवर नायक नेमून काम वाटायला सांगितलं. आम्ही आयटीवाले यालाच लोड वाटणं म्हणतो!

आपल्या पाळकांकडे संदेशाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, अंत्यविधी असतातच. त्यात लाइट बिल, बिघडलेला माइक आणि रात्री अकराला आपला फोन. मग प्रार्थनेला वेळ कुठून उरणार?

रेव्ह. ना. वा. टिळक १९१९ मध्ये प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीने. त्यांना लिहायला-वाचायला टिळकांनीच शिकवलं होतं. दुसऱ्याला तयार करण्यात गेलेला वेळ वाया जात नाही, पाळकहो!

आणि आपण? या रविवारी "काही लागलं तर सांगा" एवढंच म्हणू नका. एक काम ठरवून मागून घ्या.

प्रार्थना : प्रभू, आमच्या पाळकांना तुझ्या चरणाशी बसायला वेळ मिळावा, म्हणून आमचे हात वापर. आमेन.