झाकली भिंत सव्वा लाखाची

मी बँकेत कारकून आहे. झाकणे आणि दाखवणे यांतला फरक मला बी.कॉम.ला असतानाच शिकवला गेला. ३१ मार्चला ताळेबंदाला पावडर-कुंकू लावून बसवतात, त्याला आमच्या शास्त्रात 'विंडो ड्रेसिंग' असे गोंडस नाव आहे. पण नुसत्या खिडकीलाच काय, अख्ख्या घराला कपडे चढवतात हे मी गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे गेलो तेव्हा पाहिले. (तिकीट अर्थात तिनेच पाठवले होते.)

तिचे घर लाकडी, शंभरीला टेकलेले. बाहेरून आडव्या फळ्या. त्या आता रंग धरीनात, म्हणून जावईबापूंनी वरून व्हायनिल साइडिंग बसवायचे ठरवले. म्हणजे आपल्या नळाच्या पाइपाचे जे पीव्हीसी, त्याच्याच बारा-साडेबारा फुटी पट्ट्या. दर चार-सहा वर्षांनी रंग काढायची कटकट संपते. गंमत अशी, की या प्लॅस्टिकवर लाकडाच्या रेषा उमटवलेल्या असतात. खऱ्या लाकडावर लाकडाचे सोंग! भरघोस केसांवर टोप घालावा, तसे.

"अहो, हा खोटेपणा नाही का?" मी विचारले.

"दादा, तुम्ही केसांना काय लावता?" जावईबापू म्हणाले. मी विषय बदलला.

पण शंका माझी एकट्याची नव्हती. तिथल्या सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने १९७९ सालीच ऐतिहासिक घरांसाठी एक पत्रक काढले आहे. अशा आवरणाखाली ओल आणि कूज दिसेनाशी होते, हा त्यातला एक मुद्दा. आणि झालेही तसेच. मिस्त्रीने खिडकीखालची फळी दाबून पाहिली, तर बोट आत गेले. म्हणाला, आधी इथे नवे लाकूड घालायचे. जावईबापूंनी मनातल्या मनात डॉलर मोजले.

"वरून झाकल्यावर दिसणार कोणाला?"

"दिसणार नाही, म्हणूनच," मिस्त्री म्हणाला.

लाकूड बदलले. मग पट्ट्या चढू लागल्या. पण हा गृहस्थ एकही खिळा पुरता ठोकीना! मला राहवेना. आपल्याकडे कॅलेंडरचा खिळासुद्धा आपण पलीकडच्या बिऱ्हाडात निघेपर्यंत ठोकतो. त्याने समजावले: उन्हात पट्टी अर्धा इंचभर वाढते, थंडीत आखडते. खिळा भोकाच्या मधोमध मारायचा आणि डोके जरासे सुटे ठेवायचे. घट्ट ठोकला तर उन्हाळ्यात पट्टी फुगून वाकडी होते. शिवाय पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात. कितीही झाका, पाणी आत जातेच; ते बाहेर पडायला वाट हवी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्याकडे एक खाते उघडे होते.

आदल्या हिवाळ्यात बहिणीची एक गाठ काढली होती. "आईला सांगू नकोस हं दादा." फेब्रुवारीत आई न्हाणीघरात पडली, मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. "तिला कळवू नकोस रे, इतक्या लांब जिवाला घोर." दर रविवारी फोनवर लेक म्हणे, मजेत, आई म्हणे, ठणठणीत. दुहेरी नोंद पद्धत म्हणतात ती हीच. दोन्ही रकमा सस्पेन्स खात्यात, आणि मधे सही माझी.

झाकणे पाप आहे असे मला वाटत नाही. पाहुण्याला आपण कान तुटलेला कप देत नाही, तो काही खोटेपणा नव्हे. प्रश्न मिस्त्रीचाच खरा: झाकण्याआधी कूज काढली का? बहिणीची गाठ निघाली होती, तपासणीत काही वाईट निघाले नव्हते. तिथे लाकूड शाबूत होते. पण आईचे मनगट अजून नीट वळत नव्हते. धुणे पिळता येत नव्हते, आणि ती डॉक्टरकडे जायचे टाळत होती. तिथे मी कुजक्या फळीवर पट्टी मारून बसलो होतो, तीही खिळा घट्ट ठोकून.

सकाळी चहाच्या वेळी मी बहिणीला आईचे सांगून टाकले. दिलेला शब्द मोडला, याची टोचणी आजही आहे. ती आधी रडली, मग माझ्यावर भडकली, मग तिने फोन लावला. आईला शनिवारी डॉक्टरकडे जायचे कबूल करायला लावले आणि त्या भरात स्वतःच्या गाठीचेही सांगून मोकळी झाली.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "काहीतरी आहे हे मला ठाऊक होतं गं. दर रविवारी तुझं नाव निघालं, की दादा उगीच हवापाण्याचं बोलायचा. लहानपणापासून त्याला धड खोटं बोलता येत नाही."

म्हणजे माझे खिळे मुळातच सैल होते.