गाणं बाहेर पाठवण्याआधी

नांदेड

चि. भाचीस,

तुझं गाणं आधी मोबाइलवर ऐकलं, मग घरच्या मोठ्या स्पीकरवर. पहिलं कडवं संपून हलगी आत येते ती जागा फार सुंदर जमली आहे. विष्णुपुरीच्या होस्टेलात, खिडकीला गादी लावून हे रेकॉर्ड केलंय असं सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. आता १४ एप्रिलच्या भीमजयंतीच्या आत ते स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक असं सगळीकडे दिसायला हवं. त्यासाठी डिस्ट्रोकिड घ्यावं, ट्यूनकोर घ्यावं की फुकटातलं राउटनोट, असं तू विचारलंस. एक नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण नाव निवडण्याआधी काय बघायचं असतं ते तुला कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ही ॲप्स कलाकाराकडून थेट गाणं घेत नाहीत. स्पॉटिफायने २०१८ मध्ये थोड्या कलाकारांसाठी तशी सोय करून पाहिली आणि २०१९ मध्ये बंद केली. म्हणून मध्ये वितरक लागतो. त्याचं काम नव्या मोंढ्यातल्या आडत्यासारखं. हळद शेतकऱ्याची, आडत्या ती विकून देतो, आपली आडत घेतो आणि पट्टी हातात ठेवतो. हळदीचा मालक तो होत नाही. गाण्यात मात्र करार न वाचता सही केली की मालक बदलू शकतो. आपल्याकडचे काही यूट्यूब चॅनलवाले ‘गाणं द्या, आम्ही टाकतो, तुमची प्रसिद्धी होईल’ म्हणतात आणि कायमचे हक्क लिहून घेतात. कॅसेटच्या काळात हेच चालायचं. इकडच्या गायन पार्ट्या पुण्या-मुंबईला जाऊन रेकॉर्डिंग करून यायच्या, एकरकमी पैसे घेऊन परतायच्या, आणि पुढे कॅसेट किती खपली हे विचारायला जागाच नसायची. तुझ्या पिढीला ती जागा मिळाली आहे, ती सोडू नकोस. करारात आधी दोन ओळी शोध: मालकी तुझ्याकडेच राहते ना, आणि तू निघायचं म्हटलंस तर किती दिवसांच्या नोटिशीत सोडतात.

आता पैशांचं. डिस्ट्रोकिड आणि ट्यूनकोर वर्षाची वर्गणी घेतात आणि गाणी कितीही चढवू देतात. १९९८ पासून चालत आलेलं सीडी बेबी प्रत्येक प्रकाशनाला, म्हणजे सुट्या गाण्याला किंवा अल्बमला, एकदाच फी घेतं आणि कमाईतून ९ टक्के कापतं. राउटनोटच्या फुकट योजनेत फी नाही, पण १५ टक्के त्यांचे. पोरं वर्गणीवाल्याकडे धावतात, कारण ‘शंभर टक्के तुमचे’ असं तिथं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. वर्गणी थकली की गाणं सगळीकडून उतरतं, हे बारीक अक्षरात असतं. डिस्ट्रोकिडमध्ये गाणं कायम ठेवायला ‘लीव्ह अ लेगसी’ नावाचे वेगळे पैसे भरावे लागतात. तू शेवटच्या वर्षाला आहेस. पुढच्या वर्षी नोकरी कुठं, गाणं होईल की नाही, कार्डात पैसे असतील की नाही, कुणास ठाऊक. वर्षाला सात-आठ गाणी निश्चित करणार असशील तर वर्गणी परवडते. एका गाण्यासाठी मी एकदाच फी किंवा टक्केवारी हाच मार्ग धरेन. पंधरा टक्के गेले तरी चालतील. गाणं उतरायला नको.

ॲप्सवरही फार विसंबू नकोस. २०२४ च्या जानेवारीत रेसो भारतातून गेलं, त्याच वर्षी विंक बंद झालं. ज्यांनी गाणी नीट वितरकामार्फत टाकली होती त्यांची इतर ठिकाणी होतीच. म्हणून प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी वहीत लिहून ठेव. तो बारा अक्षर-अंकांचा कोड म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख. वितरक बदलायचा झाला तर नव्याकडे तीच फाइल, तेच नाव आणि तोच कोड देऊन गाणं आधी चढवायचं, ते दिसू लागलं की मगच जुन्याकडून उतरवायचं. ऐकण्याचा आकडा सहसा तसाच पुढं जातो. नवा कोड घेतलास तर शून्यापासून सुरुवात.

फॉर्म भरताना घाई करू नकोस. तू पाठवलेल्या चित्रावर खाली ‘कार्यक्रमाच्या सुपारीसाठी संपर्क’ लिहून मोबाइल नंबर टाकलाय. आमच्या गायन पार्टीच्या पोस्टरांवर ते असायचंच, पण इथं नंबर, वेबसाइट, इन्स्टाग्रामचं नाव यातलं काहीही असलं की चित्र परत येतं. ३००० बाय ३००० पिक्सेलचं स्वच्छ चित्र दे, गाणं डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये दे. भाषेच्या रकान्यात मराठी निवड; पोरं सवयीनं हिंदी ठेवून देतात आणि मग गाणं मराठी याद्या बनवणाऱ्यांच्या समोर येतच नाही. रोमन अक्षरात तुझं नाव एकदाच ठरव, पुढं एक ‘ए’ कमी-जास्त करू नकोस, नाहीतर दोन वेगळ्या गायिका तयार होतात. आणि तारीख: १४ एप्रिलचं गाणं मार्चच्या मध्यापर्यंत वितरकाकडे गेलेलं बरं. स्पॉटिफायच्या संपादकांसमोर गाणं मांडायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी मांडावं लागतं, आणि त्याआधी ते त्यांच्या यंत्रणेत पोचलेलं असावं लागतं. जयंतीच्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही.

तुझं दुसरं गाणं सिनेमाच्या चालीवर आहे म्हणालीस. भीमगीत सिनेमाच्या चालीवर बांधायची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि त्या रीतीतून फार मोठी गाणी झाली आहेत. पण वितरकाच्या फॉर्मवर ‘चाल स्वतःची’ असं लिहून ते पाठवता येणार नाही. संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं त्या चालीवर हक्क असतो. ते गाणं मांडवात खुशाल गा. ॲपवर टाकायला नवी चाल बांध, तुला बांधता येते. माहूरच्या गोंधळाच्या पारंपरिक चालीवर कुणाची मालकी नाही, पण कुठल्या कंपनीच्या रेकॉर्डिंगमधला संबळाचा तुकडा कापून घेतलास तर तो तुकडा त्यांचाच. बीटचंही तसंच. तुझ्या मित्रानं बासरीचा लूप कुठून घेतला ते त्याला विचार. इंटरनेटवर स्वस्तात मिळणारे बीट शेकडो जणांना दिलेले असतात. त्यातल्या एकानं ते यूट्यूबच्या कंटेंट आयडी या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवलं की तुझ्या गाण्यावर दावा येतो. तसं असेल तर तू स्वतः कंटेंट आयडीवर टिक करू नकोस.

कमाईची आशा बेताची ठेव. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत. म्हणून व्हॉट्सॲपवर ‘दहा हजार स्ट्रीम देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना एक रुपयाही देऊ नकोस. खोटे स्ट्रीम पकडले की दंड वितरकाला लागतो, आणि वितरक तो तुझ्याकडून वसूल करतो किंवा गाणंच काढतो. अमेरिकी वितरक घेतलास तर कराचा डब्ल्यू-८ बीईएन फॉर्म पॅन क्रमांकासह भर. तो भरला की तिथल्या कमाईवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात.

आणखी एक गोष्ट वितरक तुला सांगणार नाही. तो रेकॉर्डिंगचे पैसे आणतो. शब्दांचे आणि चालीचे पैसे वेगळे असतात, ते इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, गोळा करते. शब्द तुझे, चाल तुझी, तर तिची सभासद हो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की गीतकार-संगीतकारानं गाणं दुसऱ्याला दिलं तरी रॉयल्टीतला आपला समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. कुणी ‘सगळं लिहून द्या’ म्हणालं तरी हा वाटा तुझाच राहतो, हे ध्यानात ठेव माय.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आपल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफायचे. गाणं गावोगाव गेलं, गायक बदलले, कॅसेटी निघाल्या, तरी गाणं कुणाचं हे ऐकणाऱ्याला कळायचं. तुझ्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाने आहेत: गीतकार, संगीतकार, निर्माता, वादक. तू गायिकेचं नाव भरून बाकी रिकामे ठेवलेत. हलगी वाजवणारे काका लोह्याहून दोन बस बदलून आले, त्यांचं नाव कुठंच नाही. ते भर. त्यांचं पूर्ण नाव, त्यांना हवं तसं.

आणि नावासोबत वाटाही ठरव. तू, बीट करणारा मित्र, हलगीवाले काका. कुणाचे किती टक्के, की एकदाच मानधन, हे गाणं बाहेर पडण्याआधी कागदावर यायला हवं. गाणं चाललं नाही तर कुणी विचारत नाही, पण चाललं की जिवलग मैत्रीही त्यावरून तुटते. आमच्या पार्टीत ते मी पाहिलंय. काही वितरक ठरलेले टक्के परस्पर ज्याच्या त्याच्या खात्यात टाकतात, ती सोय आहे का तेही बघ. कागदाला वकील लागत नाही. गाण्याचं नाव, आयएसआरसी, प्रत्येकाचं काम, टक्के, तारीख, सह्या, एवढं पुरे. रविवारी दोघांनाही घेऊन घरी ये. मसुदा मी मराठीत लिहून ठेवतो, टक्क्यांची जागा मोकळी सोडून. आकडा काकांच्या समोर, त्यांना विचारूनच घालू.

तुझा,
मामा